यूव्ही ग्लास लावताय? आधी बोटं सांभाळा

मोबाईलच्या कर्व्ह, म्हणजे कडेला वळलेल्या डिस्प्लेवर साधी टफन काच धरत नाही, म्हणून गिऱ्हाईक यूव्ही ग्लास मागतं, म्हणजे ओल्या गोंदावर ठेवून यूव्ही लाईटने पक्की करायची काच. गोंदाचा थेंब टाकायचा, ग्लास ठेवायची, गोंद कडेपर्यंत पसरला की लाईट मारायची. काम सोपं आहे. घोळ होतो तो कडेने बाहेर आलेल्या गोंदाचा, कारण तो पुसायला आपला अंगठाच पुढे जातो.

हा गोंद अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचा. लाईटखाली पूर्ण कडक झाला की सहसा काही करत नाही, ओला असताना मात्र कातडीत शिरतो. कित्येक महिने काहीच होत नाही, म्हणून पोरं मनावर घेत नाहीत. पण अ‍ॅलर्जी एकदा धरली की बहुतेक जन्मभर राहते. मग जरासा लागला तरी एक-दोन दिवसांनी बोटांची टोकं खाजतात, सोलतात, भेगा पडतात. त्याच हाताने डोळे चोळले तर पापण्या सुजतात.

लॅटेक्सचे हातमोजे घालून उपयोग नाही, अ‍ॅक्रिलेट त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. नायट्राइलचे घ्या. तेही फार वेळ तग धरत नाहीत, म्हणून गोंद लागला की लगेच काढून फेका; धुऊन परत घालायची काटकसर नको. गिऱ्हाईक विचारतं, ‘ऑपरेशन करताय का?’ विचारू दे.

गोंद पाकिटावर लिहिलाय तेवढाच. स्पीकरची जाळी आणि चार्जिंगचं भोक आधी टेपने बंद करा. बाहेर आलेला गोंद टिश्यूने टिपा, आणि तो टिश्यू काउंटरवर चहाच्या ग्लासाशेजारी ठेवू नका. लाईट सांगितलेला पूर्ण वेळ द्या. कडेला कच्चा राहिलेला गोंद गिऱ्हाइकाच्याही हाताला लागतो. हाताला लागलाच तर साबण-पाणी. थिनर किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हात पुसलात तर कातडी कोरडी पडून आणखी बिघडते.

बोटं फुटायला लागली की ‘फंगस असेल’ म्हणत मेडिकलवरून मिक्स मलम आणू नका. त्यातलं स्टेरॉईड खाज दाबतं आणि तुम्ही पुन्हा गोंदात हात घालता. त्वचेच्या डॉक्टरला धंदा काय करता ते सांगा, पॅच टेस्टमध्ये, म्हणजे पट्ट्या चिकटवून करायच्या अ‍ॅलर्जीच्या तपासणीत, अ‍ॅक्रिलेट तपासतात का विचारा. पाठीवर पट्ट्या दोन दिवस राहतात, त्या काढल्यावर दोनेक दिवसांनी परत बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. अ‍ॅलर्जी निघाली तर दातांच्या डॉक्टरलाही सांगून ठेवा. दातात भरायचं पांढरं सिमेंट याच घराण्यातलं असतं.

आणि अशा पोराला यूव्हीच्या टेबलावरून उठवा. सॉफ्टवेअर, बॅटरी, चार्जिंग जॅक, दुकानात बाकीची कामं काय कमी आहेत?