दात मुळासकट निखळला तर: आधीच करून ठेवायची तयारी

कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तरी तो परत बसवता येतो. घरातल्या, शाळेतल्या आणि मैदानावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे आधीपासून माहीत असावं, तयारीची सुरुवात तिथूनच होते. ज्याला माहीत नसतं तो दात कागदात गुंडाळून खिशात टाकतो किंवा नळाखाली घासून लख्ख करतो, आणि वाचण्यासारखा दात हातचा जातो. मुळावर एक पातळ, ओलसर आवरण असतं. दाताला जबड्याच्या हाडाशी बांधून ठेवणारे तंतू त्यातच असतात. दात निखळल्यावर ते तुटतात, पण मुळाला चिकटलेल्या पेशी काही वेळ जिवंत राहतात. कोरड्या हवेत त्या भराभर मरतात. अर्ध्या तासात बहुतेक संपतात आणि तासाभरानंतर फारशी आशा उरत नाही.

मुलांचे कोणते दात पडून नवे आले आहेत, हे बघून ठेवा. समोरचे वरचे दोन दात साधारण 7 ते 8 वर्षांच्या सुमारास कायमचे येतात आणि मार सर्वांत जास्त त्यांनाच बसतो. दुधाचा दात मात्र कधीच परत बसवायचा नाही, खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला त्याने इजा होते. दात दुधाचा की कायमचा हे कळत नसेल तर तो बसवू नका, दुधात ठेवून डॉक्टरांकडे न्या.

प्रथमोपचार पेटीत घट्ट झाकणाची छोटी डबी, गॉज, हातमोजे, निर्जंतुक सलाईनची लहान बाटली आणि क्लिंग फिल्मचा, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा, तुकडा ठेवा. दूध बहुतेक घरांत असतंच. मैदानावर किंवा सहलीला जाताना न उघडलेलं टिकाऊ दुधाचं छोटं पाकीट सोबत घ्या, पण ते साधं, साखर किंवा चव न घातलेलं हवं. सलाईन आणि दुधाची मुदत अधूनमधून तपासा. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दंतवैद्यांचा नंबर चिकटवा, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोण उपलब्ध असतं हे आजच विचारून त्याखाली लिहा. माझ्या मते पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू हीच, कारण घाबरलेल्या माणसाला फोनमधला नंबर सापडत नाही.

प्रत्यक्ष वेळी काय करायचं ते एकदा मोठ्याने बोलून बघा. आधी माणूस, मग दात. शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर आधी रुग्णवाहिका बोलवा. तसं काही नसेल तर दात शोधा. तो पांढऱ्या, चकचकीत भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने हलकेच खळबळा. ब्रश, साबण, फडकं, काही नको. जखमी माणूस शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच खोबणीत परत बसवणं सर्वांत उत्तम. खोलगट बाजू जिभेकडे ठेवून अलगद दाबा, मग स्वच्छ रुमाल किंवा गॉज चावून धरायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांत हे जमलं तर दात टिकण्याची शक्यता सर्वांत चांगली असते.

हात धजत नसेल तर जबरदस्ती करू नका. दात दुधात बुडवून डबीचं झाकण लावा. दूध नसेल तर त्याच माणसाला डबीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा किंवा क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा. साधं पाणी या पेशींना मानवत नाही, त्यात त्या फुगून फुटतात. ते अगदी शेवटचा उपाय, पण कोरडं ठेवण्यापेक्षा तेही बरं. दात गालात धरून नेण्याचा सल्ला लहान मुलांना देऊ नका, तो गिळला जाऊ शकतो. दात सापडतच नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो श्वासनलिकेत गेला आहे का हे तपासावं लागतं.

धनुर्वाताची लस कधी घेतली याची नोंद पेटीतच ठेवा, दवाखान्यात तो प्रश्न येतोच. दात बसवल्यावर साधारण दोन आठवडे तो शेजारच्या दातांना लवचीक तारेने बांधतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनॉल सुरू करतात. त्यामुळे तेवढे दिवस मऊ खाण्याची सोय करा, मऊ ब्रश आणा आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून घ्या. मूल हॉकी, बॉक्सिंग किंवा धक्काबुक्कीचा दुसरा कुठलाही खेळ खेळत असेल तर दंतवैद्यांकडून मापाचा माउथगार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) करून घ्या, आणि वाढत्या वयात नवे दात आले की तो बदलून घ्या.