मिठाच्या कणकेचे लटकन : सणाच्या सजावटीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा हात

सणाची तयारी सुरू झाली की लहान मुलांनाही काहीतरी करायचं असतं. मिठाची कणीक त्यासाठी उत्तम. ती मळता येते, थापता येते, बिघडली तर पुन्हा गोळा करता येते आणि वाळली की खरोखरच टांगता येते. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका. पहिल्या दिवशी मळणं आणि आकार कापणं, वाळल्यावर दुसऱ्या बैठकीत रंग. तीन-चार वर्षांचं मूल एका कामात साधारण पंधरा-वीस मिनिटं रमतं, त्यापुढे ओढाताण होते.

प्रमाण सोपं आहे : दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. माप एकाच वाटीने घ्या. मीठ बारीकच हवं. जाड्या मिठाचे खडे राहतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. बेकिंग पावडर मिसळलेलं पीठ घेतलं तर लटकन फुगतात.

मैदा-मीठ कोरडंच ढवळायला मुलाला द्या. पाणी तुम्ही थोडं थोडं घाला. शेवटची पाव वाटी तर चमच्या-चमच्याने. नंतर पाच-सात मिनिटं नीट मळा. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर हात ओला करून मळा. बोटांना चिकटला तर चमचाभर मैदा घाला. मळणं कमी पडलं की वाळताना तडे जातात, म्हणून मुलाने मळून झाल्यावर दोन मिनिटं तुम्हीही हात फिरवा.

सुरू करण्याआधी मुलाचे हात बघा. बोटाला खरचटलेलं असेल तर मीठ झोंबेल, तेव्हा बेत पुढे ढकला. गव्हाची ॲलर्जी असेल तर ही कणीक नकोच. ती तोंडात घालू देऊ नका. इतकं मीठ पोटात जाणं मुलांना आणि घरातल्या कुत्र्यालाही धोक्याचं आहे.

बेकिंग पेपरवर गोळा लाटा. जाडी अर्धा सेंटिमीटर. याहून जाड ठेवलं तर वरून वाळतं आणि आतून ओलं राहतं. फार पातळ केलं तर कडा वळतात आणि टांगताना तुकडा पडतो. मुलांची पोळी कुठे जाड, कुठे पातळ होतेच. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्यांवरून सरकतं आणि जाडी आपोआप सारखी येते.

चांदणी, चंद्र, फूल असे साचे चालतील. साचा नसेल तर वाटी उपडी दाबा. फार टोकदार आकार टाळा, टोकं आधी मोडतात. पान, शिंपला, बटण दाबून ठसे उमटवणं मुलांना साच्यापेक्षाही आवडतं. हाताचा ठसा हवा असेल तर मुलाच्या हातापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठी चकती घ्या. बोटं पसरवून तळवा ठेवायला सांगा आणि प्रत्येक बोटावर तुम्ही हलकेच दाब द्या. आता स्ट्रॉने भोक पाडा, कडेपासून किमान एक सेंटिमीटर आत. हे विसरलात तर वाळल्यावर भोक पाडताना लटकन फुटतो. मागे टूथपिकने नाव आणि वर्ष कोरायचं तेही आत्ताच.

नमुना करून समोर ठेवू नका. तो पाहिला की मूल 'तसं' करायला बसतं आणि जमलं नाही की हिरमुसतं. वाकडी चांदणी वाकडीच राहू द्या.

ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाई करून तापमान वाढवलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन फोड येतात. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ उलटा. हवेप्रमाणे दोन ते चार दिवस लागतात. मागची बाजू एकसारखी फिकट दिसली आणि मधोमध अंगठ्याने दाबल्यावर दबली नाही म्हणजे वाळलं.

पूर्ण गार झाल्यावरच रंगवा. पोस्टर रंग दाटच द्या. पातळ रंगातलं पाणी मीठ विरघळवतं आणि पृष्ठभाग चिकट होतो. एका वेळी दोन किंवा तीनच रंग पुढे ठेवा. सहा ठेवले की शेवटी सगळं तपकिरी होतं. चमकी डोळ्यात जाते, ती टाळलेली बरी. रंग सुकल्यावर पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन पातळ हात तुम्ही द्या : पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतही. एक जागा सुटली तरी मीठ तिथून हवेतला ओलावा ओढतं आणि लटकन मऊ पडतो. दोरी आखूड ठेवा आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशी टांगा.

उरलेली कणीक हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. तिला पाणी सुटतं, तेव्हा थोडा मैदा मळून खेळायला द्या. सण झाल्यावर प्रत्येक लटकन कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. एकावर एक रचलेले लटकन भोकापाशी तुटतात, म्हणून एकच थर करा.