एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांकडून दोन महिन्यांचे संशोधन करून घेताना

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून सुरू आहे. पदवीचे शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याला दोन महिन्यांचे स्वतंत्र संशोधन करता यावे, हा तिचा हेतू आहे. योजनेच्या नियमानुसार एका गाइडला, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाला, एका वर्षी एकच विद्यार्थी घेता येतो आणि त्यामुळे एकाच विभागातले विद्यार्थी बहुधा एकमेकांना न विचारता आपापले काम उरकतात. हे टाळण्यासाठी पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागातल्या तीन-चार गाइडांनी आपल्या विद्यार्थ्यांचा एक गट बांधावा. प्रश्न, प्रस्ताव आणि अहवाल प्रत्येकाचा स्वतंत्र असावा; गाव, गाडी, सराव आणि आठवड्याची बैठक मात्र एकत्र ठेवावी. ओळखपाळख नसलेल्या घराचे दार पहिल्यांदा वाजवणाऱ्या मुलाला सोबतीचा आधार किती वाटतो, हे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रावर काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

गाइडची खरी मेहनत प्रस्तावाच्या आधी असते. विद्यार्थी ‘ग्रामीण भागातील उच्च रक्तदाबाचा अभ्यास’ असा विषय घेऊन येतो. त्याला ताबडतोब नकार न देता, नेमके कोणाला, काय आणि कशाने मोजणार, हे तीन प्रश्न विचारत राहावे. दोन-तीन बैठकांत विषय आपोआप आकसतो आणि ‘निदान होऊन किमान वर्ष झालेल्या रुग्णांपैकी किती जण गोळ्या नियमित घेतात’ इथवर येतो. पुढचा प्रश्न नमुन्याच्या आकाराचा. फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर हे सूत्र (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, एल म्हणजे चालणारी चूक) मुलांना पाठ असते, पण त्यातला एल आपल्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. प्रमाण ५० टक्के धरून ५ टक्के अचूकता मागितली, तर ४०० रुग्ण लागतात. १० टक्क्यांवर समाधान मानले, तर १०० पुरतात. दिवसाला सहा चांगल्या मुलाखती होतात असे धरले, तर ४०० रुग्णांना सदुसष्ट दिवस लागतील आणि १०० रुग्णांना सतरा. हा हिशोब विद्यार्थ्याला स्वतः मांडू द्यावा, कारण त्यानंतर वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही.

प्रश्नावली निवडताना एक खबरदारी हवी. औषधे कितपत नियमित घेतली जातात हे मोजणारी मोरिस्की यांची आठ प्रश्नांची मापनपट्टी प्रबंधांतून सर्रास उचलली जाते, पण ती वापरण्यासाठी परवाना लागतो आणि तो न घेतल्यामुळे शोधनिबंध मागे घ्यावे लागल्याची उदाहरणे आहेत. त्यापेक्षा साधे प्रश्न स्वतः तयार करून ते दहा-बारा जणांवर पडताळून पाहावेत. ‘तुम्ही गोळ्या नियमित घेता का?’ असे पांढरा कोट घातलेल्या मुलाने विचारले, की गावातली कोणतीही मावशी ‘हो’ म्हणणारच. त्याऐवजी ‘मावशी, काल गोळी घेतली होती का? परवा? गोळ्यांचे पाकीट दाखवता का?’ असे विचारले, की खरे उत्तर बाहेर येऊ लागते. संमतीपत्राचेही तसेच आहे. ‘आपली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल’ हे वाक्य वाचून दाखवण्यात अर्थ नाही. ‘तुमचे नाव आम्ही कोणाला सांगणार नाही आणि नाही म्हणालात तरी दवाखान्यातले औषध बंद होणार नाही’ हे त्याच शब्दांत छापलेले असावे. एथिक्स कमिटीची लेखी मान्यता हाती येण्यापूर्वी एकही प्रोफॉर्मा, म्हणजे रुग्णाच्या माहितीचा तक्ता, भरला जाऊ नये, आणि यात सवलत देणारा गाइड विद्यार्थ्याचे नुकसानच करतो.

प्रत्यक्ष कामाच्या पहिल्या दोन-तीन दिवशी गाइडने गावात हजर राहावे, नंतर मागे सरावे. मे महिन्यात सकाळी सातला निघून ऊन चढायच्या आत परतावे; जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की दिवसा घरी कोणी सापडत नाही, तेव्हा संध्याकाळच धरावी. आशाताईंना आधी कल्पना द्यावी, पण मुलाखतीच्या वेळी त्या शेजारी बसलेल्या नसाव्यात, नाहीतर रुग्ण त्यांच्याकडे पाहून उत्तरे देतात.

रोज संध्याकाळी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित तक्ता, भरून घ्यावा आणि गाइडने तो पाहावा. सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत जास्त टाळली जाते. रक्तदाबाचा रकाना फक्त शेवटच्या अंकासाठी वाचावा. डिजिटल यंत्रावर साधारण दहापैकी एका नोंदीचा शेवट शून्याने व्हायला हवा. १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशी रांग लागली असेल, तर विद्यार्थी आकडे गोल करतो आहे किंवा मोजतच नाही. अशा वेळी रागावण्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत जावे: रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवले का, यंत्राचा दंडाला गुंडाळायचा पट्टा योग्य मापाचा घेतला का, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजले का, हे पाहावे. बहुतेक वेळा लबाडीपेक्षा घाई हेच कारण निघते. कोणाचा रक्तदाब फारच वाढलेला आढळला, तर त्याला कोणाकडे पाठवायचे आणि चिठ्ठी कोणी लिहायची, हेही आधीच ठरलेले असावे, कारण त्या क्षणी ते मूल संशोधक नसते, घरच्यांच्या लेखी डॉक्टर असते.

अहवालाचा मसुदा विद्यार्थ्यानेच लिहावा. गाइडने वाक्ये बदलू नयेत, समासात प्रश्न लिहावेत. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय असावे हे सांगणारी स्ट्रोब ही बावीस मुद्द्यांची यादी विद्यार्थ्याच्या हाती दिली, की निम्मे प्रश्न तो स्वतःच सोडवतो. अपेक्षेपेक्षा वेगळा निष्कर्ष आला, तर तो तसाच राहू द्यावा. विद्यावेतन आणि प्रमाणपत्र अहवाल मंजूर झाल्यावरच मिळत असल्यामुळे शेवटचा आठवडा आकडेमोडीसाठी न ठेवता पुनर्लेखनासाठी मोकळा ठेवावा. पुढे शोधनिबंध झाल्यास पहिले नाव विद्यार्थ्याचे राहील, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे आणि त्या कागदावर विभागप्रमुखांचीही सही घ्यावी.