लोकसभेच्या उमेदवारासमोर पेठेचं म्हणणं कसं मांडावं

प्रचाराचे दिवस आले की उमेदवार हात जोडत सांगलीच्या गणपती पेठेतून जातो. दुकानदार बाहेर येतात, हार घालतात, कुणी चहा मागवतं. "साहेब, आमच्याकडं लक्ष असू द्या," एवढं बोलणं होतं आणि ताफा पुढच्या चौकात जातो. पेठेनं नेमकं काहीच मागितलेलं नसतं, त्यामुळं उमेदवारावर बंधन कशाचंच येत नाही. दिल्लीला जाऊ पाहणारा माणूस पाच वर्षांतून एकदा स्वतः दारात येतो. त्या महिन्या-दीड महिन्यात लहान व्यापारी आणि कारखानदारांनी काय करावं, ते इथं क्रमानं मांडलं आहे.

आधी गाऱ्हाणं कुणाच्या हातातलं, ते ठरवा

व्यापाऱ्यांची बैठक बोलावली की पहिल्यांदा पार्किंग, घरपट्टी, तुंबलेल्या गटारी हेच विषय निघतात. दुखणी खरी आहेत, पण ती महापालिकेची. बाजार समितीचा सेस राज्याच्या अखत्यारीत, वीजदर राज्य वीज नियामक आयोगाकडं. लोकसभेच्या उमेदवाराला ही यादी दिली की तो "बघतो" म्हणतो, निवडून आल्यावर कलेक्टरांना एक पत्र धाडतो आणि आपलं काम झालं असं समजतो. त्याचा दोष कमी, आपला जास्त.

खासदाराकडं न्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आयकर, थकलेल्या बिलांचा कायदा, मुद्रासारख्या कर्जयोजना आणि बँकांची धोरणं, मिरज जंक्शनवरची मालवाहतूक, राष्ट्रीय महामार्ग, बाहेरून येणाऱ्या बेदाण्यावरचं आयात शुल्क. जीएसटीचे दर मात्र एकट्या दिल्लीत ठरत नाहीत. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश असतं, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश वजन लागतं. म्हणून जीएसटीची मागणी खासदाराबरोबर राज्याच्या अर्थमंत्र्यांनाही द्यावी.

पुराचा विषय अनेकांना स्थानिक वाटतो. तो तसा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीच्या दुकानांत पाणी शिरलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. नुकसानभरपाई राज्य देतं, पण कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं पूर वाढेल अशी इथं भीती आहे, आणि त्या धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा प्रश्न दोन राज्यांमधला आहे. कृष्णा पाणी तंटा लवाद, केंद्र सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्याशी तो जोडलेला आहे. इथं खासदाराचा आवाज खरोखर उपयोगाचा आहे. पुराच्या काळातला धरणांचा विसर्ग दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावा, त्याची आकडेवारी तासातासाला जाहीर व्हावी, ही मागणी पेठेनं ठासून केली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. सांगली जिल्हा म्हणजे सांगली लोकसभा मतदारसंघ नव्हे. मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले लोकसभा मतदारसंघात मोडतात. तिकडच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या उमेदवारांना गाठावं.

मागणी कागदावर अशी लिहा

"लहान उद्योजकांना न्याय द्यावा" ही मागणी नव्हे. तिला कुणीही हो म्हणेल.

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपनं मोठ्या कंपनीला सुटे भाग दिले. बिल तीन लाखांचं, चार महिने झाले, पैसे नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या त्या कलमाचं ४३बी(एच) हे नाव तेव्हापासून प्रत्येक सीएच्या तोंडी आहे. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. कायदा कागदावर भक्कम आहे. पण तीन लाखांसाठी तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून वर्कशॉपवाला गप्प बसतो.

आता मागणी लिहिता येते: "मोठ्या कंपन्यांनी लहान पुरवठादारांची किती बिलं मुदतीबाहेर थकवली, हे दर तिमाहीला कंपनीच्या नावासह जाहीर व्हावं, म्हणजे पुरवठादाराला स्वतः तक्रार करावी लागणार नाही." दुसरीही लिहिता येते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम (लहान उद्योगांची केंद्राकडची) नोंदणी मिळते, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायच्याच, कर्जापुरताच. थकबाकीच्या संरक्षणात व्यापारी बसत नाही. "व्यापाऱ्यांनाही या तरतुदीत घ्यावं" ही मागणी एका ओळीची आणि पूर्णपणे केंद्राच्या हातातली आहे. मात्र ठराव करण्याआधी आपसांत बोलून घ्या, कारण जो किराणा दुकानदार घाऊकवाल्याकडून दोन-दोन महिन्यांच्या उधारीवर माल उचलतो, त्याला ही मागणी जड जाईल.

एका पानावर तीनच मागण्या घ्या. प्रत्येकीखाली एक खरं उदाहरण, बिलाची तारीख आणि रक्कम. नाव गाळलं तरी चालेल. सीएकडून कलमं तपासून घ्या. बेदाणा, हळद, यंत्रमाग, वर्कशॉप, हातगाडी अशा प्रत्येक धंद्यातला एक माणूस मसुदा लिहिताना हजर हवा. हातगाडीवाल्याला "तुम्ही आमच्यात नाही" म्हणून बाहेर ठेवणारी पेठ स्वतःचीच मतं कमी करते.

निजामाबादकडं पाहा

मार्केट यार्डातल्या प्रत्येक अडत्याला ही हकीगत माहीत असायला हवी. तेलंगणातल्या निजामाबादला हळदीचे शेतकरी हळद मंडळ आणि चांगला भाव मागून थकले होते. २०१९ च्या लोकसभेला त्यांनी स्वतःच अर्ज भरले. रिंगणात १८५ उमेदवार, त्यांतले पावणेदोनशेहून जास्त शेतकरी. निवडणूक आयोगाला तिथं खास यंत्रं आणि एकेका केंद्रावर बारा बॅलट युनिटं (उमेदवारांच्या नावांचे बटणांचे फलक) लावावी लागली. त्याच निवडणुकीत भाजपचे उमेदवार धर्मपुरी अरविंद यांनी हळद मंडळ आणण्याचं बाँड पेपरवर लिहून दिलं आणि ते निवडून आले. राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना ४ ऑक्टोबर २०२३ ला निघाली, उद्घाटन १४ जानेवारी २०२५ ला झालं, आणि मुख्यालय निजामाबादलाच राहिलं.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथले हळदीचे सौदे देशभर माहीत आहेत. तरी मंडळ तिकडं गेलं, कारण मागणी त्यांनी लावून धरली. आपण अर्ज भरावेत असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक उमेदवाराला साधारणपणे २५ हजारांची अनामत लागते. पण एकच मागणी, ती केंद्राच्या हातातली, आणि उमेदवाराकडून लेखी घेतलेली, एवढं तर आपल्यालाही जमेल. लेखी असूनही उद्घाटनापर्यंत साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागला, हेही ध्यानात ठेवा.

उमेदवारांना बोलवा, सगळ्यांना

पक्षांचे जाहीरनामे निवडणूक जाहीर होण्याच्या सुमारास तयार होत असतात, म्हणून मागणीपत्र जिल्हाध्यक्षांमार्फत त्याआधीच वर पाठवा. उमेदवारांची सभा मात्र अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर घ्यावी, कारण रिंगणात कोण राहिलं ते तेव्हाच कळतं. त्याआधी प्रत्येकाचं नमुना २६ मधलं, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर वाचा. मावळते खासदार उभे असतील तर त्यांनी व्यापाराविषयी सभागृहात किती प्रश्न विचारले, तेही लोकसभेच्या संकेतस्थळावर सापडतं.

निमंत्रण सर्वांना, अपक्षांनाही, एकाच मजकुराचं द्या. परवानगी आधी काढा. हॉलचं भाडं आणि चहा संघटनेच्या खर्चानं, व्यासपीठावर कुणाच्याही पक्षाचा फलक नको. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा किंवा जाहिरातीवर खर्च करणं हा गुन्हा आहे. पत्रक छापलंत तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा घेता येत नाही.

सभेत भाषण मागू नका. तीन मागण्या वाचा, प्रत्येकीवर "करणार की नाही, आणि पहिल्या वर्षात काय करणार" एवढंच विचारा, उत्तर त्याच पानावर लिहून सही घ्या. सही नाकारली तर तसं नोंदवा आणि सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी छापून दुकानादुकानांत पोचवा. संघटनेनं एकाला पाठिंबा जाहीर करू नये, असं माझं ठाम मत आहे. दुसरा निवडून आला तर पाच वर्षं दार बंद होतं, आणि संघटनेतही फूट पडते.

आचारसंहितेतली रोकड

हा प्रश्न निवडणुकीतच उभा राहतो. ५० हजारांहून जास्त रोकड कागदपत्रांविना सापडली तर भरारी पथक ती ताब्यात घेऊ शकतं. सौद्याच्या दिवशी तासगावहून सांगलीकडं येणाऱ्या बेदाणा व्यापाऱ्याकडं एवढी रक्कम सहज असते. बँकेतून पैसे काढल्याची पावती, बिलाची प्रत, जीएसटी नोंदणीची झेरॉक्स आणि ओळखपत्र एकाच पाकिटात रोकडीबरोबर ठेवा. रक्कम घेतलीच तर पंचनाम्याची प्रत मागा आणि जिल्हास्तरीय तक्रार समितीकडं अर्ज करा. उमेदवाराशी संबंध नसेल तर समिती ती परत देऊ शकते. संघटनेनं आचारसंहिता लागताच जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांची भेट घेऊन या समितीचा पत्ता आणि फोन पेठेत लावावा.

निकालानंतर

निकाल लागताच, पहिल्या अधिवेशनाआधी सही केलेलं पान घेऊन खासदारांच्या कार्यालयात जा आणि पोच घ्या. "लक्ष घाला" म्हणू नका. प्रश्नाचा मसुदाच हातात द्या. लोकसभेत प्रश्नाला किमान पूर्ण १५ दिवस आधी सूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा कळताच गेलेलं बरं. अतारांकित प्रश्नाला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं आणि ते सर्वांना वाचता येतं. पाठपुराव्याचं काम कुणा एकावर टाकू नका. दुकान सांभाळणारा माणूस सहा महिन्यांत थकतो. तिघांची समिती नेमा, त्यांत एक सीए किंवा वकील ठेवा, आणि प्रत्येक पत्राची प्रत संघटनेच्या एकाच फायलीत लावा.