तोंडाच्या आजारात लाळेची चाचणी करताय? या चुका टाळा

“डॉक्टर, तांबडा रस्सा सोसंना झालाय.” कोल्हापूरचा माणूस असं म्हणाला, की मी आधी त्याला तोंड उघडायला सांगते. स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, गालात पांढुरके ताठर पट्टे हाताला लागत असतील, तर सुपारी-माव्यानं होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचा, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासं होण्याच्या आजाराचा संशय घ्यायलाच हवा. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. अशा वेळी मोबाईलवर वाचून ‘लाळेची बायोमार्कर (आजाराची खूण दाखवणाऱ्या घटकाची) चाचणी कुठं होते’ म्हणत आठवडे घालवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लाळेतल्या आयएल-८ सारख्या प्रथिनांवर संशोधन चालू आहे, पण कॅन्सरचं निदान आजही बायोप्सीनंच, म्हणजे तुकडा काढून तपासूनच होतं. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर तुकडा काढून तपासा. तुकडा काढल्यानं आजार पसरतो ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायी फार माणसं उशिरा येतात.

पी१६ ही गाठीच्या तुकड्यावर करायची चाचणीही अशीच चुकीच्या जागी मागितली जाते. ती टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही या विषाणूचा माग काढते. तंबाखूनं गालात झालेल्या गाठीत तिचा तसा उपयोग नाही.

हिरड्यांच्या आजारासाठी लाळेतलं एमएमपी-८ मोजतात. हिरडीतलं कोलॅजन तोडणारं हे एन्झाइम. इथं घोटाळा नमुना देतानाच होतो. दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून लोक खसाखसा ब्रश करून, वर मशेरी लावून येतात. हिरडीतून रक्त आलं, ते लाळेत मिसळलं, की आकडा फसवा येतो. आधी किमान तासभर खाणं, चहा, ब्रश, तंबाखू काही नको. खाकरून कफ काढू नका. मान पुढं झुकवून लाळ आपोआप भांड्यात गळू द्या. नमुना लॅबला जाणार असेल तर लगेच बर्फात ठेवा, उन्हात गाडीच्या डिकीत नको. आकडा वाढलेला आला तरी नेमकी कोणती दाढ बिघडली हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रोब या बारीक मोजकाडीनं दात-हिरडीमधल्या फटीची खोली मोजावी लागते, एक्स-रे काढावा लागतो. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनो, हिरडीतून रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. धुरानं ते दबतं.

“दातांच्या डॉक्टरला साखरेचं काय सांगायचं?” असंही पुष्कळजण म्हणतात. हिरड्यांच्या आजारांच्या २०१८ च्या वर्गीकरणात मधुमेही रुग्णाचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर हिरड्यांचा आजार थेट ग्रेड सी मध्ये, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्यांत धरतात. उलट, हिरड्यांवर नीट उपचार झाले की साखरही थोडी खाली येते. तेव्हा तीन महिन्यांतला साखरेचा रिपोर्ट सोबत घेऊनच या.