लिंकांचा ढीग असा आवरला

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (म्हणजे दिव्यांगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या) लिंका शेअर्ड फोल्डरमध्ये नुसत्या साचत होत्या. डिझायनर तिकडे फिरकायचेही नाहीत. मग यादी हातातल्या कामाप्रमाणे लावली: बटण, फॉर्म, रंग, फोटो. प्रत्येकाखाली एकच लिंक आणि नियम एका ओळीत.

रंगाचंच बघा. पांढऱ्यावर #९९९९९९ राखाडी मजकुराचा कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक) २.८५:१ भरतो, डब्ल्यूसीएजी या वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या मधल्या, म्हणजे एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो. #७६७६७६ घेतला की काठावर पास! भर उन्हात प्लॅटफॉर्मवर मोबाइल बघणाऱ्यालाही तो फरक कळतो.

बटणाच्या कप्प्यात आकाराचा नियम: किमान २४ बाय २४ पिक्सेल, काही अपवाद सोडून (डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीतला). स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) म्हणून यादीत एनव्हीडीए ठेवलं, कारण ते फुकट आहे. आता नवी मुलं मला न विचारता थेट यादी उघडतात; पीडीएफचा कप्पा मात्र रिकामाच आहे.