केनियातल्या मुलांच्या जेवणासाठी निधी गोळा करताय? आधी या चुका टाळा

इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या मराठी मंडळाने पहिल्या वर्षी गणपतीत आरतीनंतर डबा फिरवला. केनियातल्या नाकुरू शहराजवळच्या एका बालगृहातल्या 40 मुलांच्या जेवणासाठी चांगली रक्कम जमली. ती पाठवून आम्ही निश्चिंत झालो. मार्चमध्ये तिथून फोन आला, "मका संपला." पुढचा हप्ता आम्ही ठरवलेलाच नव्हता. हिशोब सगळा जमलेल्या पैशांवरून केला होता, मुलांच्या ताटावरून नाही. पुढच्या बऱ्याच चुका याच एका चुकीतून निघतात.

म्हणून आवाहन लिहायच्या आधी तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोला. व्यवस्थापकांशी नंतर बोललात तरी चालेल. सकाळी उजी, म्हणजे पातळ लापशी. ती बऱ्याचदा विंबीची असते, आणि विंबी म्हणजे आपली नाचणी! आंबील पिऊन वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुपारी गिथेरी, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. रात्री मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सोबत सुकुमा विकी या पालेभाजीची भाजी. मुलामागे दिवसाला 300 ग्रॅम मका धरला तर 40 मुलांना 12 किलो लागतो. केनियात मक्याचं पोतं 90 किलोचं असतं, म्हणजे एक पोतं साडेसात दिवसांत संपतं. महिन्याला चार पोती मका आणि साधारण एक पोतं घेवडा, हा झाला पाया. त्यावर दळण, तेल, मीठ, भाजी आणि सरपण. सरपण हमखास विसरलं जातं. गिथेरी तासन्‌तास शिजते, घेवडा रात्रभर भिजवला तरच जळण वाचतं. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर या शाळेच्या सुट्ट्यांत मुलं दिवसभर बालगृहातच असतात. ज्यांना एरवी दुपारचं जेवण शाळेत मिळतं, त्यांचंही ताट तेव्हा बालगृहातच वाढावं लागतं. जानेवारीत गणवेश आणि शाळेचे खर्च येतात आणि जेवणाचे पैसे तिकडे वळतात. हे आधी मान्य करून त्याची तरतूद वेगळी ठेवा.

आता पैसे केव्हा पाठवायचे? आपल्याकडे देणग्या गणपती ते दिवाळी आणि मग नाताळात येतात. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत मक्याची मुख्य काढणीही साधारण ऑक्टोबरपासूनच सुरू होते. भाव तेव्हा उतरलेले असतात आणि मे-जूनच्या सुमारास चढतात. हा योग वाया घालवू नका, काढणीनंतर चार-पाच महिन्यांचा मका एकदम घ्या.

पण ओला मका साठवलात तर पैसे गेलेच, शिवाय मुलांच्या जिवाशी खेळ. 2004 साली पूर्व केनियात बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने 125 माणसं दगावली. हे विष शिजवून जात नाही. दाण्यात ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या वर नको. मोजायचं यंत्र नसेल तर एक साधी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चिमूटभर कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून उन्हात घालायला हवा. मग हवाबंद पिशव्यांत भरून, जमिनीला न टेकवता, फळ्यांवर ठेवायचा. बुरसट वास आला तर "निवडून वापरू" नको, ते पोतं बाजूलाच काढा. पिशव्यांचे पैसे आवाहनात स्वच्छ लिहा. देणाऱ्यांना त्याचं वाईट वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

इथून बिस्किटं, नूडल्स, दूध पावडर गोळा करून कंटेनर पाठवायचा मोह होतो. मोंबासा बंदरातले शुल्क आणि साठवणुकीचा खर्च पाहिला की तेवढ्या पैशांत तिथला किती मका आला असता हे कळतं. शिवाय स्थानिक शेतकऱ्याचा माल विकला जातो.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक मोबाइल नंबरवर एम-पेसाने (केनियातली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) पाठवू नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. संस्थेच्या नावाचा पेबिल नंबर (एम-पेसावर संस्थांना पैसे भरायचा क्रमांक) किंवा बँक खातं मागा. आम्ही आता संस्थेमार्फत धान्याच्या दुकानदाराला थेट पैसे देतो. दर रविवारी स्वयंपाकाच्या बाई (तिथे त्यांना 'मामा', म्हणजे आई म्हणतात) कोठाराच्या भिंतीवर कोळशाने मारलेल्या रेघांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. एक रेघ म्हणजे एक उरलेलं पोतं. दोनच रेघा दिसल्या की आम्ही हालचाल सुरू करतो. त्यासाठी दोन महिन्यांचा शिधा येईल एवढी रक्कम कायम बाजूला असते.

ब्रिटनमध्ये सरकारच्या गिफ्ट एड योजनेमुळे देणगीच्या पौंडामागे 25 पेन्स जास्त मिळतात, पण ते मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेलाच, आणि देणारा ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरणारा असेल तरच. स्टॉलवर वडापाव विकून आलेल्या पैशांवर ते मागता येत नाही. भारतातून परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची (80जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत नसते. दहाजणांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून त्याच्या नावावर बाहेर पाठवू नका. ज्याने त्याने आपापल्या बँकेतून, कारण नोंदवून पाठवावेत.

भुकेल्या चेहऱ्याचे फोटो नकोत. पातेल्याचा, पोत्यांचा, पावतीचा फोटो पुरतो. फोटोतलं मूल उद्या मोठं होऊन इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधणार आहे.

सगळ्यांत जड चूक शेवटी सांगते, कारण ती मी स्वतः दोन वर्षं केली. बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथच असतं असं मी धरून चालले होते. बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील, निदान आजी तरी हयात असते. घरात खायला नाही, म्हणून मूल इथे. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. त्यामुळे पैसे देण्याआधी नोंदणीपत्र पाहा, आणि विचारा: या मुलाला इथे कुणाच्या आदेशाने ठेवलंय? त्याचं घर कुठे आहे? घरी परत पाठवण्यासाठी काय चाललंय? उत्तर टाळलं गेलं, किंवा दरवर्षी मुलांची संख्या वाढतच गेली, तर हात आखडता घ्या.

गेल्या वर्षी दोन बहिणी आजीकडे राहायला गेल्या. बालगृहात दोन ताटं कमी झाली, पण आम्ही तेवढे पैसे कमी केले नाहीत. त्यांच्या वाट्याचा मका आणि घेवडा आता दर महिन्याला आजीच्या घरी उतरतो.